खोक्याचं पोट

१

अवजड मालाच्या धंद्यात माझ्या हाताची बरोबरी करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बंद खोक्याला नुसता तळवा टेकवला की आत काय आहे, कसं बसवलंय, आणि बसवणारा घाईत होता की निवांत, हे मी सांगतो. परवाच एका खोक्याला हात लावून सगळ्यांसमोर छातीठोकपणे म्हणालो, "आत शिलाई मशीन." उघडलं तर आत दुसरं खोकं, त्यात तिसरं, आणि तिसऱ्यात माझ्याच चपला. लेकीचे उद्योग! तेव्हा माझी निम्मी बढाई सोडून द्या. उरलेल्या निम्मीवर मात्र विश्वास ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल बांधतो. शाळा मी लवकर सोडली; मास्तर म्हणायचे, शाळाच सुटली. आमचं गोदाम म्हणजे वर पत्रा, खाली सिमेंट, आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये कारकून, काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखा. माझी लेक फोर्कलिफ्ट चालवते आणि तिचा नवरा ट्रक चालवतो. मी बांधायचं, लेकीने उचलायचं, जावईबापूंनी न्यायचं. सगळं घरातलंच, मालक तेवढा परका.

अवजड माल पाठवणं म्हणजे पाकिटाला जीभ लावून पेटीत टाकणं नव्हे. आधी लांबी, रुंदी, उंची. मग काट्यावर वजन. मग माल लाकडी पॅलेटवर असा बसवायचा की काठाबाहेर बोटभरही येता कामा नये. पट्टे आवळायचे, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा, वरच्या दिशेला बाण काढायचे. अंगावर एक स्टिकर असतो. वाटेत कोणी खोकं आडवं केलं की तो लाल होतो, आणि एकदा लाल झाला की कोणाच्या बापाला पांढरा करता येत नाही. इथपर्यंतचं काम कोणीही करील. मी करतो ते शेवटचं. मी पोट काढतो.

पोट म्हणजे खोक्यातलं वजन जिथे बसलेलं असतं ती जागा. खोक्याच्या चारी बाजूंना एकेक करून पहार घालायची आणि जरा जरा उचलून बघायचं. जी बाजू हाताला जड लागेल, पोट तिकडे. तिथे खडूने फुली मारायची. मग ती फुली पाहून लेक फोर्कलिफ्टची पाती कुठे घालायची ते ठरवते, आणि जावई खोकं ट्रकमध्ये कुठे ठेवायचं ते ठरवतो. फुली चुकली तर सपाट रस्त्यावर काही होत नाही. घाटाच्या वळणावर मात्र ट्रक कुशीवर झोपतो.

माझी फुली आजवर चुकलेली नाही. बाकी बाबतींत माझ्यावर विसंबू नये. नवा माणूस कामाला लागला की मी एखाद्या खोक्यामागे बसून टकटक करतो, आतून आल्यासारखी, आणि बारीक आवाजात म्हणतो, "पाणी..." या कारकुनाने पहिल्या दिवशी चहाचा पेला स्वतःच्याच मांडीवर ओतला होता. शिवाय माझी एक गोष्ट आहे. एक माणूस ट्रान्सपोर्टवाल्याकडे खोकं घेऊन येतो. कारकून विचारतो, आत काय? माणूस म्हणतो, माहीत नाही. पाठवायचं कोणाला? मलाच. मग घरी घेऊन जा की! तेव्हा तो माणूस इकडे बघतो, तिकडे बघतो, कारकुनाच्या कानाशी तोंड नेतो आणि म्हणतो...

इथे मी थांबतो. "शेवट उद्या," म्हणतो, आणि कामाला लागतो. आमचा जावई लग्नाच्या मांडवापासून तो शेवट मागतोय. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या गोष्टीला शेवटच नाही. मी तो कधी बनवलाच नाही. लोकांची तगमग बघण्यातच सगळी गंमत.

२

ते खोकं एका बाईंनी आणलं. टेम्पोतून उतरल्या, नीटनेटक्या, केस चापून बसवलेले. खोकं माणसापेक्षा उंच, फळ्यांचं, फळ्यांमध्ये बारीक फटी, आणि फटींतून दिसणारं करडं ब्लँकेट. कपाट असं गुंडाळूनच पाठवतात, त्यात वावगं काही नव्हतं.

"काय आहे आत, ताई?" मी विचारलं.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मला वाटलं, मीच काही चुकीचं बोललो. कारकुनाने तोच प्रश्न विचारला, तर त्यांनी त्याची बाही धरली आणि त्याला थेट फाटकाबाहेर रस्त्यावर नेलं. मापं, पत्ता, घेणाऱ्याचं नाव, सगळं तिथे उभ्याने सांगितलं. इकडे लेकीने खोकं उचलून आत नेलं. ते आत गेलेलं बघितल्यावर बाईंचा आवाज असा मोकळा झाला की मला इथपर्यंत ऐकू आला. टेम्पोवाल्याशी हसून बोलत होत्या. त्याला खिडकी उघड म्हणत होत्या.

"काय म्हणाल्या?" मी कारकुनाला विचारलं.

"कपाट आहे म्हणाल्या. जुनं. लोखंडी."

"मग कुजबुजायचं काय त्यात? कपाटाला कळलं तर रुसेल?"

"काका, सगळे तुमच्यासारखे बोंबलत नाहीत," कारकून म्हणाला, आणि मला वाटलं, तो जरा जास्तच गोड हसला.

मी पोट काढलं. केबिनकडची बाजू जड होती. मी फुली मारली आणि लेकीला दाखवली. ती म्हणाली, "बरं." इतक्या साध्या संभाषणानंतर माणसाने घरी जाऊन झोपावं. मी तेच केलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने खोकं भिंतीकडे सरकवायला घेतलं. पाती फुलीच्या हिशोबाने घातली आणि बोटभर उचललं, तर खोकं भलत्याच अंगाला कललं. तिने झटकन खाली ठेवलं.

"बाबा! फुली चुकलीय."

"माझी फुली?"

"नाही, शेजारच्यांची!"

मी पहार घेऊन गेलो. केबिनकडची बाजू फुलासारखी उचलली गेली. वजन पार उलट्या अंगाला, बाहेरच्या भिंतीकडे गेलं होतं. फुली मात्र जिथल्या तिथे.

आता माणसाने अशा वेळी काय समजावं? मी समजलो की मला कोणीतरी बनवतंय. लोकांना इतकी वर्षं बनवून झाल्यावर तेवढं ओळखता येतं. मी कारकुनाकडे बघितलं. तो काचेमागे मान खाली घालून लिहीत होता. जरा जास्तच मन लावून. मी लेकीकडे बघितलं. तिच्या चपलांच्या करामतीला अजून आठवडाही झाला नव्हता.

"कोणी खोकं फिरवलं रात्री?"

"किल्ली तुमच्याकडे असते."

"मग फुली पुसून दुसरीकडे मारली."

"तिला तुमचं ते मिशीसारखं शेपूट आहे, तेही काढलं का कोणी?"

माझ्या फुलीला खाली एक शेपूट असतं, ते जमायला हाताला सवय लागते. मी जवळ जाऊन बघितलं. शेपूट माझंच होतं.

मी विजेरी लावून फटींतून पाहिलं. करडं ब्लँकेट. दुसऱ्या फटीतून पाहिलं. करडं ब्लँकेट. खोक्याला कानही लावला. आत पाणी असतं तर डचमळलं असतं. लोखंडाचा गोळा असता तर गडगडला असता. वाळू असती तर सळसळली असती. आत काहीच हललं नाही. उलट मला असं वाटलं की आत अगदी मुद्दाम काही हलत नाहीये. खोक्याला मी कान लावला होता, आणि ते मात्र श्वास धरून बसलं होतं.

मग मी स्वतःशीच हसलो. म्हटलं, म्हाताऱ्या, हे तुझंच टकटकीचं सोंग तुझ्यावर उलटवलंय कोणीतरी. शाबास पोरांनो!

४

सापळा लावायचा तर माझ्याकडून शिका. संध्याकाळी सगळे जायच्या आधी मी खोक्याच्या चारी अंगांना शिवणाचा दोरा गुंडाळला आणि तो फळ्यांच्या खिळ्यांना गाठवला. भोवतीच्या जमिनीवर खडूची पूड पसरली, झाडूने हलक्या हाताने सारखी केली. मुंगी चालली तरी वाट उमटावी. पोट पुन्हा काढून घेतलं: बाहेरच्या भिंतीकडे. गोदामाला कुलूप माझ्या हाताने लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. उशी माझी, डोकंही माझंच.

घरी लेक ताट वाढताना म्हणाली, "इतके गप्प का?"

"मी गप्प असलो तरी तक्रार, बोललो तरी तक्रार."

"तुम्ही गप्प असलात की आम्ही अंथरुणं झटकून बघतो, बाबा."

जावई खो खो हसला. तो परवा घाटापलीकडे माल घेऊन निघणार होता. ते खोकं त्याच मालात होतं.

सकाळी कुलूप तसंच. पुडीवर एक रेघ नाही. दोरा ताणलेला, गाठी माझ्याच. आडवं झालेलं दाखवणारा स्टिकर पांढरा शुभ्र. मला फार बरं वाटलं. पहार घातली, ती केवळ खात्रीसाठी.

बाहेरच्या भिंतीकडची बाजू जड होतीच, पण काल मधोमध जड होती. आज वजन त्या बाजूच्या टोकाला गेलं होतं, अगदी कोपऱ्यात. मी त्या कोपऱ्यासमोरची भिंत बघितली. पत्रा. पत्र्याला बाहेरून काय आहे ते आठवायला मला वेळ लागला नाही.

बाहेर राखणदाराची खुर्ची असते. तो रात्रभर तिथे बसून फोनवर बोलतो. त्याची बायको लांब राहते, त्याला करमत नाही. परवापर्यंत तो मधोमध बसायचा. काल दिवा गेला म्हणून त्याने खुर्ची कोपऱ्यावर, रस्त्याच्या उजेडात ओढली होती.

मी पहार तशीच धरून उभा राहिलो. आणि पहिल्या दिवशी वजन केबिनकडे का होतं, तेही मला समजलं. कारकून दिवसभर फोनवर बोलत असतो.

बंद दारापलीकडे कोणी बोलत असेल आणि आपण आतून ऐकत असू, तर आपलं वजन कुठे असतं? दाराकडे. आपण अंग टेकवून, मान कलती करून उभे असतो. बाहेरून कोणी ते दार तोललं, तर त्याला कळेल की नाही?

५

तरीही मी म्हणालो, छे! आणि लेकीला बोलावलं.

"इथे, या बाजूला उभी राहा आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. माझी निंदा कर. त्यात तू कधी कमी पडत नाहीस."

तिने खोक्याला पाठ टेकून सुरू केलं. मी घरात खिळे विसरतो, जावयाच्या बुटात भुईमुगाची टरफलं भरतो, पाहुण्यांसमोर घोरायचं सोंग घेतो. सगळं खरं होतं. चहा संपेल इतका वेळ ती बोलली. मग मी पहार तिच्या हातात दिली.

तिने आधी पलीकडची बाजू उचलली. सहज उचलली गेली. मग स्वतःच्या पाठीमागची. पहारीचा दांडा वाकतो की काय असं झालं.

"आता मी त्या अंगाला जातो," मी म्हणालो, "आणि तू गप्प बस."

मी पलीकडे जाऊन अर्धी गोष्ट सांगितली. पट्टा बारीक कुरकुरला. पाऊल नाही, घसटणं नाही. एखादं जड अंग झोपेत कूस बदलतं तसं फक्त. तिने पहार घातली. तिचा चेहरा उतरला. क्षणभर आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मला वाटलं, चला, निदान दोघं झालो.

मग तिने पहार खाली आपटली.

"बाबा, काय फिट केलंत आत?"

"मी?"

"मोटर आहे का? रिमोट दाखवा! खिसे उलटे करा."

मी खिसे उलटे केले. दोरा, खडू आणि कारकुनाच्या पेनाचं टोपण निघालं. टोपण बघून कारकून केबिनमधून धावत आला.

"हे खोकं पाठवायचं नाही," मी म्हणालो.

"काका, मागे त्या फ्रिजच्या खोक्याबद्दलही तुम्ही हेच म्हणाला होतात. बाळंत होणार आहे म्हणून. मी मालकांना फोन केला होता! मालकांनी मला विचारलं, डॉक्टर बोलावला का!"

"ती मस्करी होती."

"आणि ही?"

माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्यालाही मिशा चिकटवलेल्या असतात. मीच चिकटवलेल्या.

लेक मला बाजूला घेऊन गेली. तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, ट्रकमध्ये माझा नवरा बसणार आहे. मला हसवायला हे करत असाल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही."

"मस्करी नाही गं."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता," ती म्हणाली. "अगदी याच चेहऱ्याने."

६

निघायच्या दिवशी सकाळी मी जावयाला ट्रकजवळ गाठलं. तो चाकांवर लाथा मारून हवा बघत होता. भला माणूस. त्याच्यात एकच खोड आहे: ट्रक चालवताना गातो. घसा असा की वाटेतली कुत्री रस्ता सोडतात.

"जावईबापू, आज गायचं नाही."

"मामा, घाटात गाणं बंद केलं की माझे डोळे मिटतात. तुम्हाला माहीत आहे ते."

मला माहीत होतं, आणि तिथेच सगळी गोची होती. घाट उतरताना दरी ड्रायव्हरच्याच अंगाला असते. हा गाणार, आतलं ते ऐकणार, आणि ऐकायला त्याच्याकडे सरकणार. गच्च आवळलेलं खोकं जागचं हलणार नाही, पण खोक्यातलं वजन हलणार. आणि पुढे वळण.

"मग मी मागे बसतो," मी म्हणालो. "मालाबरोबर. तुम्हाला जागं ठेवायला बडबड करतो."

"मागे? पुढे सीट रिकामी आहे की."

"मला मागेच बसायचंय."

त्याने डोळे बारीक केले. माझ्याकडे लोक असंच बघतात. "काय शिजतंय, मामा?"

"काही नाही."

"त्या गोष्टीचा शेवट सांगणार असाल तर बसा."

"बघू."

त्याच्या केबिनच्या पाठीला जाळीची छोटी खिडकी आहे. मागे माल हलला तर कळावं म्हणून त्याने स्वतः कापून घेतलेली. मागचं बोलणं तिच्यातून पुढे नीट ऐकू जातं. लेकीने खोकं चढवलं, ट्रकच्या मधोमध, चाकांच्या वर. मी आणखी दोन पट्टे टाकले. लेकीने खाली उतरताना माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. असं तिने लहानपणापासून कधी केलेलं नाही.

मी दरीच्या उलट्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात जादा टायरवर बसलो. ताडपत्रीच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आत पडत होते. ट्रक निघाला, आणि मी बोलायला सुरुवात केली.

७

तुम्ही कधी खोक्याला विनोद सांगितलेत? सुरुवातीला जड जातं. दाद मिळत नाही. नंतर कळतं की सगळं लक्ष तुमच्याकडेच आहे, आणि ते जास्त जड जातं.

सपाटीला मी कारकुनाच्या नकला केल्या. चढाला मास्तरांच्या केल्या. पुढून जावई हसत होता, "अजून, मामा, अजून!" म्हणत होता. मी बोलत होतो आणि एक हात पट्ट्यावर ठेवून होतो. माझ्या अंगाचा पट्टा हळूहळू ढिला पडत गेला, पलीकडचा ताठ होत गेला. खोकं माझ्याकडे झुकत होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, असाच राहा बाबा, मी जन्मभराची भंकस तुझ्यावर ओततो.

कधी जावई एखादी ओळ गुणगुणायचा. लगेच माझ्या हाताखालचा पट्टा जरासा ताठ व्हायचा. मग मी मोठ्याने एखादं थाप-पुराण सुरू करायचो, आणि तो पुन्हा सैलावायचा. मला घाम फुटला होता, पण खरं सांगू? थोडी ऐटही आली होती. इतकं मन लावून ऐकणारं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

चढ संपत आला तेव्हा घसा बसायला लागला. पाण्याची बाटली पुढे राहिली होती. विनोद संपले, नकला संपल्या, लेकीच्या लहानपणीच्या खोड्या संपल्या. उरली फक्त ती गोष्ट. पुढे बोगदा, आणि बोगद्यापलीकडे उतार.

"एक माणूस ट्रान्सपोर्टवाल्याकडे खोकं घेऊन येतो," मी म्हणालो.

"आली!" जावई पुढून ओरडला.

मी सांगत गेलो. आवाज फाटत होता. बोगद्यात शिरलो आणि उन्हाचे ठिपके विझले. अंधारात मी म्हणालो, तो माणूस इकडे बघतो, तिकडे बघतो, कारकुनाच्या कानाशी तोंड नेतो आणि म्हणतो...

आणि माझा आवाज गेला. विझला म्हणा. नुसती हवा. तसाही मला पुढे काही सांगता येणार नव्हतं.

८

बोगदा संपला. ठिपके पुन्हा आत आले, आणि त्यातला एक बरोबर माझ्यासमोरच्या फटीवर पडला.

ब्लँकेट तिथे नव्हतं. घसरलं असेल. फटीत काहीतरी फिकट होतं, फळीला आतून दाबून चपटं झालेलं, फार वर्षं दाबलेलं असावं तसं. त्याला घड्या होत्या. वळणावळणाच्या, आत आत जाणाऱ्या. मी म्हटलं, रबराचं काही असेल, कपाटाच्या दाराचं. मी आणखीही काही म्हणणार होतो, पण तेवढ्यात ते सरकलं.

ते हळूच बाजूला वळलं. मान वळवल्यावर गाल जसा फटीसमोरून जातो तसं. ऐकून झालेलं माणूस वळतं तसं. मग जिथे घड्या होत्या तिथे एक आडवी रेघ आली. रेघ ओलसर होती. ती उघडायला लागली.

मी दोन्ही कानांवर हात दाबले. डोळे मिटले, गुडघ्यांत डोकं घातलं. हात असे दाबले की मला फक्त माझ्याच रक्ताचा घुमघुमाट ऐकू येत होता. दाताखाली बाही धरली. मला त्या क्षणी वळणाची भीती वाटत नव्हती, दरीची नव्हती. मला एवढंच कळत होतं की इतके दिवस ऐकणारं ते आता बोलणार आहे, आणि मला ते ऐकायचं नाही.

अंगाला वळणं कळत होती. ट्रक डावीकडे गेला, उजवीकडे गेला, कलला, सावरला. कुशीवर झोपला नाही. एकदा मधेच ब्रेक हलकेच लागला, ट्रक काही वेळ रेंगाळत चालला, आणि पाठीच्या पत्र्यातून मला थरथर जाणवली. जावई हसला की केबिन अशीच थरथरते. म्हटलं, हसतोय म्हणजे जागा आहे. जागा आहे म्हणजे बास.

९

माल उतरवायच्या ठिकाणी एक गृहस्थ वाट बघत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला हसू आलं असतं, पण घशात काही उरलं नव्हतं.

मी पहार घातली. सवयच ती. चारी बाजू सारख्या उचलल्या गेल्या. आणि हलक्या. रिकामं कपाट उचलावं तशा. फटींतून करडं ब्लँकेट दिसत होतं, सगळीकडून. स्टिकर पांढरा. गृहस्थांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, त्यांनीही एक बाजू हाताने ढकलून बघितली. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ट्रककडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि मोठ्याने, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "वाटेत कोणी बोललं का?"

"आमचे मामा," जावई म्हणाला. "त्यांना कोण थांबवणार!"

गृहस्थांनी घाईघाईने सही केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

परतीला मी पुढे बसलो. पाणी प्यायलो, तेव्हा थोडा आवाज आला, तोही कुजबुजण्याइतका. ऊन चांगलं होतं. रिकामा ट्रक धडधडत होता. जावई गात नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच गात नव्हता, आणि झोपेलाही आलेला दिसत नव्हता. एका हाताने ट्रक चालवत होता, आणि त्याचं डोकं मागच्या जाळीकडे जरासं कललेलं होतं.

"मान अवघडली का?" मी विचारलं.

"नाही तर." त्याने ती सरळ केली. थोड्या वेळाने ती पुन्हा कलली. "मामा, पण शेवट काय सांगितलात! मी ट्रक थांबवणार होतो. अजून अंगावर काटा आहे, आणि हसूही येतंय."

"कुठला शेवट?"

"आता वेड पांघरू नका."

"जावईबापू," मी म्हणालो, "माझ्याकडे बघा. लेकीची शपथ. त्या गोष्टीला शेवट नाही. मी तो कधी बनवलाच नव्हता. आणि बोगद्यापासून खाली येईपर्यंत माझ्या तोंडून ब्र निघालेला नाही. आवाजच गेला होता."

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. मागचा रिकामा पत्रा एकदाच, बारीक, कुरकुरला.

"गप्प होतात?" तो म्हणाला. "मग मामा, 'जावईबापू, जरा कान जाळीला लावा, शेवट सांगतो' असं मला म्हणालं कोण?"